जिलबीच्या वाट्याचा मका

आमच्या आत्यांनी न निवडलेलं धान्य उभ्या आयुष्यात कुणाला दिलं नाही आणि कुणाकडून घेतलंही नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सिंधुबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. मी तनुजा, माहेर अर्धापूरचं. तिकडं सगळ्या केळीच्या बागा, निवडून निवडून काय निवडणार? लग्न होऊन उदगीरजवळच्या या गावात आले आणि दुसऱ्याच दिवशी बघते तर काय, आत्या ओट्यावर बसून साखर निवडायलेल्या! दुकानातली, पिशवीबंद, पांढरीशुभ्र साखर. मी म्हटलं, "आत्या, साखरेत काय असणार?" तर चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "काय हाय ते निवडल्यावरच कळतंय की."

गावात लग्न निघालं की तांदळाच्या पोत्यापाशी आत्या. सप्त्याची पंगत असली की डाळीपाशी आत्या. त्यांच्या हातून गेलेल्या डाळीत खडा लागला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मला बघायला आल्या होत्या तेव्हाही त्यांनी माझ्या आईनं केलेल्या पोह्यांतून एक टरफल बोटानं अलगद काढून बशीच्या कडेला ठेवलं होतं. बोलल्या काही नाहीत, नुसतं ठेवलं. आई अजून त्या टरफलाचं नाव काढते.

एवढं मात्र खरं, की मन मोठं. दारी आलेल्याला सुपातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, ही त्यांची रीत. मग निवडताना जे काळं, किडकं, फुटकं निघेल त्याचं काय? तर ते फेकायचं नाही. अन्न फेकणं म्हणजे आत्यांच्या लेखी महापाप. ते जिलबीचं.

जिलबी म्हणजे आमची म्हैस. मुऱ्हा जातीची, काळीभोर, शिंगं अशी गोल गोल वळलेली, म्हणून माझ्या लेकीनं, साक्षीनं, तिचं नाव जिलबी ठेवलं. आत्यांचा या म्हशीवर इतका जीव, की मामा कधी कधी चिडून म्हणायचे, "मला बी एक दावं बांध, म्हंजी मग माझ्याकडं बघशील." निवडून काढलेलं खराब धान्य आत्या जिलबीला कच्चं कधी घालत नसत. चुलीवर मोठ्या पातेल्यात रटरटा उकडायच्या, त्यात पेंड, मीठ, गुळाचा खडा घालायच्या आणि कोमट करून आंबोण पुढ्यात ठेवायच्या. "उकडलं की सगळं मरतंय," असं त्यांचं म्हणणं. माझ्या नवऱ्याला, सत्यमला, इतका गरम गरम स्वयंपाक मी केल्याचं मला तरी आठवत नाही.

तर अशा या आत्यांना गेल्या वर्षी नोकरी लागली!

झालं असं, की परतीच्या पावसानं आमच्या भागातला मका ऐन काढणीत भिजला. लोकांनी तो ओलाच ताडपत्रीखाली ढीग मारून ठेवला. दाण्याला बुरशी धरली. त्याच सुमारास नांदेडहून मृण्मयी मॅडम आल्या. जनावरांच्या डॉक्टर, आणि संशोधन कशावर तर मक्यावरच्या बुरशीवर. आम्हा बायकांना त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात बसवून समजावलं. म्हणाल्या, ही बुरशी दाण्यात एक विष सोडते. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. जनावराच्या पोटात गेलं की आधी काळीज, म्हणजे यकृत, खराब करतं. जनावर खाणं सोडतं, दूध तोडतं, गाभण राहत नाही. कोणत्या गावात किती विष आहे हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी घराघरातून जनावरांच्या मक्याचा नमुना पाहिजे, आणि तो गोळा करायला गावातलंच कुणीतरी पाहिजे.

सगळ्या बायकांनी एकदम आत्यांकडं बोट दाखवलं. दुसरं कोण?

मॅडमनी नीट शिकवलं. ढिगाच्या वरून, मधून, तळातून, कडेनं, सगळीकडून मूठ मूठ घ्यायची. एकत्र करायची. पाकिटात भरायची. वर घराचं नाव. "आणि मावशी, जसं आहे तसं भरायचं. विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. शंभरातला एखादाच दाणा सगळा घात करतो, तो सुटला की झालं, तपासणीला अर्थ नाही."

"जसं हाय तसं," आत्यांनी मान डोलावली. मॅडम खूश. मीही खूश, कारण आत्या गावभर फिरायला लागल्या की दुपारी मला अंग टाकायला मिळणार होतं.

आत्यांचा काय थाट! इस्त्रीची साडी, खांद्याला पाकिटांची पिशवी. "कुणीकडं, सिंधुकाकू?" असं कुणी विचारलं की, "कामावर," एवढंच. घरी आल्या की दुपारभर सूप घेऊन ओट्यावर. मला वाटायचं घरचाच मका निवडायल्यात. त्या बसल्या की निवडतात, त्यात मी काय विचारणार?

थोड्या दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. आजूबाजूच्या गावांचे नमुने खराब निघाले होते, काही तर फारच खराब. आणि आमचं गाव? एकजात स्वच्छ! मॅडमनी नांदेडच्या बैठकीत सगळ्यांसमोर आमच्या गावाचं कौतुक केलं होतं. आत्यांनी फोन ठेवला आणि शेजारच्या शिवम्माक्कांना हाक मारून अर्धा तास तेच तेच सांगितलं. शिवम्माक्का मूळच्या बिदरकडच्या. त्या प्रत्येक वाक्याला "अय्यो यव्वा!" म्हणत होत्या, त्यामुळं आत्यांना आणखीच जोर चढत होता.

पण घरात मात्र वेगळंच चालू झालं होतं. जिलबीनं खाणं कमी केलं होतं.

आधी वाटलं, हवा बदलली. मग दूध निम्म्यावर आलं. कातडीची चमक गेली, केस उभे राहायला लागले. डोळे मलूल. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शिवम्माक्कांनी मिरच्या ओवाळून टाकल्या. "लई दूध देती म्हणून गावाची नजर लागली," म्हणाल्या. आत्यांनी काय करावं? आंबोण वाढवलं. गूळ दुप्पट घातला. जिलबी हुंगायची, थोडं चाटायची आणि मान फिरवायची. आत्या तिच्या गळ्याखाली खाजवत, "खा की गं माझे बाई, खा की," करत बसायच्या. साठीतली बाई म्हशीपुढं हात जोडताना बघून मला रडूच यायचं.

मामांनी मग एक दिवस सरळच सांगितलं. "येत्या बाजाराला हाळीला नेऊ. उभी हाय तवर गिऱ्हाईक तरी मिळंल. दावणीला मेली तर तुला बघवंल का?" हाळीचा जनावरांचा बाजार आमच्याजवळच.  आत्या त्या रात्री जेवल्या नाहीत.

आणि दुसऱ्याच दिवशी मृण्मयी मॅडम दारात! आमचं गाव मका कसा वाळवतं, कसा साठवतं, हे बघून दुसऱ्या गावांना शिकवायचं म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या. सकाळभर गावात फिरल्या आणि आमच्याकडं चहाला बसल्या तेव्हा तोंड अगदी गोंधळलेलं. म्हणाल्या, "मावशी, मला काही कळेना. तुमच्याकडंही ताडपत्रीखाली ओले ढीगच आहेत. वरून बुरशी दिसतेय. मग नमुने स्वच्छ कसे आले?"

"आता मला काय ठाव?" आत्या म्हणाल्या. "आमचं गाव चांगलं हाय, आणि काय."

मॅडमचं लक्ष गोठ्याकडं गेलं. कप तसाच ठेवून त्या उठल्या. जिलबीच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोटावरून हात फिरवला. "हिला काय घालता?"

आत्यांना बरं वाटलं. कुणीतरी विचारलं तर! पातेल्यावरचं झाकण काढून म्हणाल्या, "बघा, किती जपते. कच्चं न्हाई घालत, उकडून घालते."

"हा एवढा काळा मका कुठला?"

"तुमचाच की, म्याडम."

"माझा?"

"पाकिटातला," आत्या म्हणाल्या, आणि आवाजात असा अभिमान, की विचारू नका. "पाकिटावर एकेकीचं नाव जायलंय. नांदेडातली माणसं ते उघडून बघणार. शिवम्माच्या घरी बुरशीचा मका, अमकीच्या घरी किडका मका, अशी गावची अब्रू जाऊ देऊ का मी? सगळ्यांचा निवडून दिलाय. एक काळा दाणा सोडला न्हाई. आणि निवडलेलं फेकलं बी न्हाई, सगळं जिलबीला घातलं."

 माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! घराघरातला वेचून वेचून काढलेला विषारी दाणा न् दाणा आमच्या आत्यांनी पदरात बांधून घरी आणला होता आणि गूळ घालून आपल्या लाडक्या म्हशीला भरवला होता!

मॅडम खाली दगडावर बसल्या. हसावं की रडावं हे त्यांनाही कळत नव्हतं. "मावशी," त्या म्हणाल्या, "मी तिकडं सगळ्यांसमोर तुमच्या गावाचं गुणगान गाऊन बसले हो."

"पण मी उकडते की!" आत्यांचा आवाज चिरका झाला.

मॅडमनी गाडीतून त्यांची पेटी आणली. आत्यांच्या सुपातले निवडलेले चांगले दाणे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला आणि पातेल्यातलं उकडलेलं तिसरं. दळलं, कसल्याशा पाण्यात हलवलं, गाळलं आणि एकेक पट्टी बुडवली. मॅडम म्हणाल्या, दोन रेघा उमटल्या तर चांगलं, एकच उमटली तर विष. ती पट्टी बघून मला भलतंच काही आठवलं आणि तशातही हसू फुटायला लागलं, पण आत्यांचं तोंड बघून गिळून टाकलं. चांगल्या दाण्यांना दोन रेघा आल्या. काळ्यांना एक. उकडलेल्यालाही एकच.

"उकडून बुरशी मरते, मावशी. तिनं आधी सोडून ठेवलेलं विष नाही मरत." मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. मग विचारलं, "हिचं दूध कोण पितं?"

ओट्यावर साक्षी पाटीवर रेघोट्या मारत बसली होती. आत्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसल्या. मी धावत जाऊन पोरीला उचललं. मॅडमनी लगेच समजावलं. त्या विषाचा थोडा अंश दुधात उतरतो, म्हणून हे दूध सध्या कुणाला द्यायचं नाही, तापवूनही नाही. खाणं बदललं की थोड्या दिवसांत दूध साफ होतं, तरी आपण तपासूनच घेऊ. पोरीला काही झालेलं नाही, घाबरू नका. पण आत्यांच्या कानात पुढचं काही शिरलं असेल असं मला वाटत नाही.

"म्हंजी मीच," एवढंच त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"जिलबी वाचंल का?"

मॅडमनी खोटा धीर दिला नाही. काळजाला सूज आहे, औषध लिहून देते, पण खरं औषध म्हणजे तिनं चांगलं खायला पाहिजे. खाल्लं तर वाचेल.

आता आली का पंचाईत! मामांचा बाजार तोंडावर, आणि जिलबी खायला तयार नाही. मी हिरवा चारा टाकला तर थोडा तरी ओढायची. भरड दिली तर दोन घास घ्यायची. आत्या जवळ आल्या की मात्र मान भिंतीकडं. हात पुढं केला की फुस्स करून मागं सरायची. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, जनावर लक्षात ठेवतं. ज्यानं पोट बिघडलं त्याचा वास आणि ते देणाऱ्याचा वास, दोन्ही. राग नाही हो तिचा, भीती आहे.

आत्यांनी काय करावं? एका सकाळी माझा गाऊन घातला, डोक्याला माझी ओढणी गुंडाळली आणि माझ्यासारखं "जिलूऽऽ" करत गोठ्यात शिरल्या! मामा दात घासत होते, ते तसेच तोंडात ब्रश धरून उभे. जिलबीनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. आत्या तशाच त्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये परत आल्या. कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

तिकडं नमुने पुन्हा गोळा करायचे होते. मॅडम म्हणाल्या, नको, मी दुसरं कुणी बघते. आत्या म्हणाल्या, "मी घाण केली, मीच काढणार." पण गावात बातमी आधीच पोचली होती, आणि आता काय गंमत झाली असेल? प्रत्येक बाई स्वतःच मका निवडून, पाखडून, चकाचक करून तयार! शिवम्माक्कांनी तर धुऊन वाळवून ठेवला होता. आत्या त्यांच्या दारात उभं राहून ओरडल्या, "अगं बये, काढलेलं काळं कुठं हाय? घाल माघारी!"

"अय्यो सिंधुक्का, माझं नाव येईल की!"

"येऊ दे. सगळ्यात वर माझं नाव हाय. एकाच रेघेचं." आणि आत्यांनी स्वतःच्या हातानं काळे दाणे चांगल्यांत कालवले. निवडण्यात जन्म गेलेल्या बाईला दाणे कालवताना बघणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. 

या खेपेला मॅडमनी शाळेतच पट्ट्या बुडवल्या आणि निकाल यायचा तोच आला. निम्म्याच्या वर घरांत विष. मग गाव हललं. ताडपत्र्या निघाल्या, मका गच्चीवर उन्हात पसरला. निवडून काढलेलं काळं जनावरालाही नाही, कोंबड्यांनाही नाही, सरळ खड्ड्यात. पहिला खड्डा आमच्या परसात. आत्यांनी त्यात सूप उपडं केलं आणि मातीला हात लावून पाया पडल्या.

बाजाराचा दिवस उजाडला. सत्यमनं टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं. जिलबी माझ्या हातून खात होती, पण ते पक्ष्यासारखं. त्यावर एवढं मोठं जनावर कसं उठणार? मामांनी नवं दावं खांद्यावर टाकलं आणि गोठ्याकडं निघाले. आत्या आधीच तिथं होत्या. हातात आमच्या भाकरीसाठी निवडलेला मका, ओंजळभर. आमच्या घरात माणसांच्या पोत्यातलं धान्य गोठ्यात कधी गेलं नव्हतं.

त्यांनी ओंजळ पुढं केली. जिलबीनं मान फिरवली.

आत्या गेल्या नाहीत. तिथंच शेणात, चांगल्या साडीनिशी मांडी घालून बसल्या. ओंजळीतले चार दाणे स्वतःच्या तोंडात टाकले आणि कडाकडा चावायला लागल्या. दाढा शिल्लक किती, तरी चावत होत्या. "बघ," त्या म्हणाल्या, "मी बी हेच खायले. तुझं येगळं, माझं येगळं, असं आता न्हाई. माझं चुकलं गं बाई. मला वाटलं जनावराला काय कळतंय, त्याला काय होतंय. खा की गं. मी पुन्हा न्हाई तसं करणार."

मामा दारातच थांबले. मी साक्षीला कडेवर घेऊन उभी. आत्या चावत होत्या, रडत होत्या, आणि पुन्हा चार दाणे तोंडात टाकत होत्या.

बऱ्याच वेळानं जिलबीनं मान वळवली. आत्यांचं तोंड हुंगलं. मग ओठ हुंगले. मग हळूच नाक खाली आणून ती ओंजळीतलं खायला लागली. संपल्यावर रिकामा तळहात चाटत राहिली. आत्यांनी तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि अशा काही हंबरडा फोडून रडल्या, की शिवम्माक्का भिंतीवरून डोकावून "काय झालं, काय झालं" करायला लागल्या.

तेवढ्यात दारात टेम्पोचा भोंगा वाजला. मामांनी खांद्यावरचं दावं काढून खुंटीला अडकवलं, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "जा बाबा तू. आमची म्हैस जेवायली."